कोल्ड स्टोरेजमधली यंत्रं वायरने जोडायची आहेत, इथरनेटची सुरुवात कुठून करू?

मृगबहार · २ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यात आमचं घरचं संत्र्याचं पॅकहाउस आहे आणि त्याला लागून चार खोल्यांचं कोल्ड स्टोरेज. एप्रिलमध्ये मृग बहाराचा माल भरलेला असताना तीन नंबरच्या खोलीचा कॉम्प्रेसर रात्री ट्रिप झाला. चौकीदारकाका दर दोन तासांनी फिरून रजिस्टरमध्ये तापमान लिहितात. त्या रात्री ते तापाने फणफणले होते, दोन फेऱ्या चुकल्या. सकाळी पाहिलं तर खोली साडेसहावरून अकरावर. माल फेकावा लागला नाही, पण पुढच्या आठवड्यात सड वाढली आणि व्यापाऱ्याने भाव पाडला. काकांना बोल लावायचा नाही. एका माणसाच्या जागरणावर चार खोल्या ठेवणं हीच आमची चूक होती.

आता चारही खोल्यांचे टेंपरेचर कंट्रोलर, मेन मीटर, जनरेटरचं पॅनल, टिनावरच्या सोलरचा इन्व्हर्टर आणि नऊ कॅमेरे हे सगळं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसायला हवं, आणि काही बिघडलं की मोबाइलवर निरोप यायला हवा. ऑफिस रस्त्याच्या कडेला आहे. पॅनल रूमपासून टेप लावून मोजलं, १४० मीटर.

एक जण म्हणतो वायफाय बसवा. दुसरा म्हणतो ३०५ मीटरचा केबलचा डबा आणा आणि थेट ओढा. मी बीकॉम झालेला माणूस. पैसे खर्च करण्याआधी मला हे मुळापासून समजून घ्यायचं आहे. कृपया सोप्या भाषेत सांगा.

---

तारजोडणी · २ जून, रात्री १०:१५

अमरावतीत पंधरा वर्षं हेच काम करतोय, म्हणून क्रमाने सांगतो.

इथरनेटमध्ये प्रत्येक यंत्राची स्वतःची वेगळी केबल असते आणि सगळ्या केबली मधल्या एका पेटीत येतात. त्या पेटीला स्विच म्हणतात. विजेच्या बोर्डासारखं एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं लूपिंग करायचं नसतं. चार कंट्रोलर, एक मीटर, एक जनरेटर, एक इन्व्हर्टर म्हणजे सात केबली, कॅमेऱ्यांच्या नऊ वेगळ्या. त्यामुळे पॅनल रूममध्ये किती पोर्टचा स्विच लागेल हे आजच मोजता येतं. चार-पाच पोर्ट रिकामे राहतील असाच घ्या, यंत्रं वाढतात.

दुसरं, तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. त्यातले ९० भिंतीतून-पाइपातून जाणारे आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डचे (जोडणीच्या छोट्या केबलींचे) मिळून १०. तुमचे १४० त्यात बसत नाहीत. थेट ओढली तर पहिल्या दिवशी लाइट लागेलही, आणि मग महिनाभर "कधी चालतं, कधी नाही" असं होईल. असा अर्धवट चालणारा फॉल्ट पूर्ण बंद पडलेल्यापेक्षा जास्त छळतो.

१४० साठी फायबर, म्हणजे प्रकाशावर निरोप नेणारी काचेची केबल. त्यावर उद्या लिहितो.

---

गोडबोले_बुवा · २ जून, रात्री १०:३१

राजेहो, हे इथरनेट म्हंजे काय भानगड हाय ते आधी सांगा ना. अन् वायफाय असतानी वायर कायले? माह्या पोट्ट्यानं घरी वायफाय लावलं, गोठ्यापर्यंत येते.

---

तारजोडणी · २ जून, रात्री १०:४४

बुवा, गोठ्यात मोबाइल पाहायला वायफाय चालते. पण कोल्ड स्टोरेजच्या भिंती म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्रा आणि मधे पफ, म्हणजे थंडी धरून ठेवणारा फोम. पत्रा वायफाय अडवतो. शिवाय रात्री अडीच वाजता कॉम्प्रेसर बंद पडल्याचा निरोप यायलाच पाहिजे, तिथं "बहुतेक येते" पुरत नाही.

---

निवृत्त_मास्तर · ३ जून, सकाळी ७:०५

बुवांचा पहिला प्रश्न चांगला आहे, मागे राहू नये. मी पॉलिटेक्निकला शिकवत होतो, थोडं ऐका.

१९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी हे सुरू केलं. प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं जुने शास्त्रज्ञ समजत, त्या कल्पित 'ईथर'वरून नाव पडलं. तेव्हा एकच जाड केबल सगळ्या खोल्यांतून फिरायची आणि सगळी यंत्रं तिलाच टोचलेली असायची. चावडीवर दहा जण बसलेत असं समजा. बोलण्याआधी कोणी बोलतंय का ते ऐकायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांनीही थांबायचं आणि थोड्या वेगवेगळ्या वेळानं पुन्हा सुरू करायचं. ही टक्कर टाळायची पद्धत १९८३ च्या ८०२.३ या मानकात आली.

आजचा स्विच वेगळा आहे. कोणत्या पोर्टवर कोण राहतं ते तो पोस्टमनसारखा लक्षात ठेवतो. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच ४८ बिटांचा एक पत्ता मिळालेला असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. तो वाचून स्विच निरोप नेमक्या त्याच घरी टाकतो. बोलणं आणि ऐकणं एकाच वेळी चालतं, त्यामुळे टक्कर होतच नाही. "इथरनेटचा भरवसा नाही, निरोप आदळतात" असं काही जुने प्लांटवाले अजून म्हणतात. ते त्या एका केबलच्या आणि हबच्या (आलेला निरोप सगळ्यांना वाटणाऱ्या जुन्या पेटीच्या) दिवसांचं आहे.

---

लालपिवळी_वायर · ३ जून, सकाळी ९:२०

माझं मत वेगळं आहे. मी बुटीबोरीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. तुमच्या कंट्रोलरला आणि मीटरला आर-एस ४८५ चे (दोन तारांवर आकडे पाठवायच्या जुन्या पद्धतीचे) दोन टर्मिनल नक्की असतील, बहुतेक सगळ्यांना असतात. दोन तारा, १२०० मीटरपर्यंत लांबी, एकाच तारेवर ३२ यंत्रं, मॉडबस (यंत्रांची आकडे विचारायची-सांगायची भाषा) बोललं की काम झालं. मॉडबस १९७९ पासून चालू आहे आणि अजून म्हातारं झालेलं नाही. सात केबली आणि स्विच कशाला? तापमानाचे दोन आकडे आणायला गिगाबिटचा वेग लागतो का?

---

तारजोडणी · ३ जून, सकाळी ९:५२

@लालपिवळी_वायर, आकड्यांसाठी वेग लागत नाही, हे मान्य. मॉडबस टीसीपीची (इथरनेटवरच्या मॉडबसची) एक विचारणा १२ बाइटची असते. पण कॅमेरे ४८५ वर येणार नाहीत, सोलरवाल्याला इंटरनेट लागतं, ऑफिसचा कॉम्प्युटर इथरनेटवरच आहे. दोन वेगळी जाळी सांभाळण्यापेक्षा एक बरं.

---

लालपिवळी_वायर · ३ जून, सकाळी १०:१०

मग मधला रस्ता घ्या. पॅनल रूममध्ये चारही कंट्रोलर आणि मीटर ४८५ ने एकातून दुसऱ्यात असे जोडा. शेवटी एक गेटवे, जो एका बाजूला ४८५ आणि दुसऱ्या बाजूला इथरनेट बोलतो. पाच पोर्टांच्या जागी एक पोर्ट. फक्त ४८५ मध्ये तारजोडणी म्हणतात त्याच्या उलट नियम आहे, तिथे साखळीच हवी, सगळ्या तारा एका जागी येणारी चांदणी नको. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध, प्रत्येक यंत्राला वेगळा क्रमांक, सगळ्यांचा बॉड रेट (बोलण्याचा वेग) एकच.

---

तारजोडणी · ३ जून, सकाळी १०:१८

हे पटलं. मृगबहार, तुमचे कंट्रोलर पॅनल रूममध्येच एका रांगेत असतील तर असंच करा. चार कंट्रोलरना इथरनेटचं कार्ड वेगळं विकत घेण्यात अर्थ नाही.

---

पांढरंसोनं · ३ जून, दुपारी १:३५

वणीकडे आमचं जिनिंग-प्रेसिंग आहे. फायबरवर बोलायचं राहिलंय म्हणून माझा अनुभव लिहितो, यातून कोणाचं नुकसान वाचलं तर बरं.

सहा वर्षांपूर्वी वजनकाट्याची खोली आणि जिन हॉल यांच्यामध्ये आम्ही तांब्याची केबल टाकली होती, ७० मीटर. म्हणजे मर्यादेच्या आतच. दोन खांबांवरून हवेतून नेली. जूनच्या पहिल्या आठवड्यात, रोहिणीच्या सरी सुरू झाल्या तेव्हा, शेजारच्या वावरातल्या निंबावर वीज पडली. केबलला वीज शिवलीसुद्धा नाही. तरी दोन्हीकडचे स्विच, वजनकाट्याचा डिस्प्ले आणि ऑफिसचा कॉम्प्युटर एकदम गेले. पहिला कापूस यायला चार महिने होते म्हणून निभावलं. तेच दिवाळीनंतर झालं असतं तर गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली असती.

नंतर समजलं की दोन इमारतींचं अर्थिंग वेगवेगळं होतं. जवळ वीज पडली की दोन्ही जमिनींच्या दाबात क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडतो, आणि त्या दोन जमिनींना जोडणारी सगळ्यात सोपी वाट म्हणजे तुमची केबल. इथरनेटच्या पोर्टमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो १५०० व्होल्ट अडवायला बनवलेला असतो. विजेपुढे त्याचा टिकाव लागत नाही.

आता आमच्याकडे नियम आहे: एका छताखाली तांबं, दोन छतांमध्ये फायबर. अंतर २० मीटर असलं तरी फायबर. काचेतून वीज जात नाही. पण फायबर घेताना बिनधातूची घ्या. काही केबलींत उंदरांसाठी पोलादी कवच असतं, काहींत हवेतून ओढायला पोलादी तार असते. ती तार दोन्हीकडे बांधली की पुन्हा तीच वाट तयार होते.

---

मृगबहार · ३ जून, दुपारी २:०५

पांढरंसोनं दादा, हे कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या ऑफिसचं आणि प्लांटचं अर्थिंग वेगळंच आहे, ऑफिसला दुसरं मीटर आहे. फायबरला टोकाला काय लागतं? आणि उंदीर आमच्याकडे भरपूर आहेत, त्यांचं काय?

---

पांढरंसोनं · ३ जून, दुपारी २:४०

दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, एका बाजूने फायबर आत, दुसऱ्या बाजूने इथरनेट बाहेर. सिंगल मोड (लांब पल्ल्याची फायबर) घ्या, १४० काय, किलोमीटरभरही चालेल. एकाच कोअरवर चालणारे कन्व्हर्टर घेतले तर ते जोडीने येतात. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा बरोबर उलटा. आम्ही बदलीला चुकून दोन्ही एकाच बाजूचे आणले आणि अख्खा दिवस लिंक आली नाही. केबल चार किंवा सहा कोअरची टाका, एक तुटली तर दुसरी हाताशी राहते.

उंदरांसाठी एचडीपीई पाइप जमिनीत, नाली दोन-अडीच फूट खोल, आणि पाइपाची दोन्ही तोंडं बुजवायची. पाइप उघडा ठेवला तर उंदीर आतूनच फिरतात.

---

गोडबोले_बुवा · ३ जून, दुपारी ३:०२

उंदराले फायबर गोड लागते का तांबं, हे कोणीतरी तपासा बाप्पा! माह्या मोटरची केबल दर साली कुरतडते. पण ते निंबाचं वाचून मात्र अंगावर काटा आला.

---

आंबिया · ३ जून, दुपारी ४:१५

थोडं विषयांतर. मृगबहार, साडेसहा अंश ठेवता का? आमच्या काटोलकडे एक जण चारवर ठेवत होता, जास्त टिकेल म्हणून. सालीवर डाग पडले.

---

मृगबहार · ३ जून, दुपारी ४:३३

हो, नागपुरी संत्र्याला ६ ते ७ अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता. त्याखाली नेलं तर थंडीचा चट्टा पडतो. म्हणूनच मला वरची आणि खालची दोन्ही बाजूंची सूचना हवी आहे.

---

तारजोडणी · ३ जून, रात्री ८:५०

९५ टक्के आर्द्रता म्हणालात म्हणून लगेच लिहितो. आर-जे ४५ चा (इथरनेट केबल खुपसायचा) एकही जॅक थंड खोलीच्या आत ठेवू नका. दार उघडलं की बाहेरची गरम हवा आत येते, पाणी सुटतं, आणि आठ सोनेरी पट्ट्या हिरव्या पडतात. आत फक्त सेन्सरची तार जाऊ द्या. भिंतीतून तार जिथे बाहेर येते तिथे खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने तिथेच गळेल, पॅनलपर्यंत पोचणार नाही. भोक आतून-बाहेरून सील करा.

आता केबल. कॅट ६ प्रतीची घ्या, कॅट ५ई सुद्धा १०० मीटरवर गिगाबिट देते, पण नवीन कामाला कॅट ६ बरी. फसवणूक वेगळ्याच ठिकाणी होते. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल मिळते. डब्यावर कॅट ६ च लिहिलेलं असतं. डबा उचलला की हलका लागतो. एक तार काढून ब्लेडने खरवडा, आतून पांढरी दिसली तर परत करा. ती वाकवताना तुटते, क्रिंपमध्ये (टोकाला दाबून बसवलेल्या कनेक्टरमध्ये) ढिली पडते, आणि त्यावरून कॅमेऱ्याला वीज पाठवली तर जास्त तापते.

---

फेज_न्यूट्रल · ३ जून, रात्री ९:१४

क्रिंपचं निघालंच आहे तर माझी एक चूक सांगतो, चार दिवस त्यात गेले होते.

चिखलीजवळच्या एका दाल मिलमध्ये मी सुरुवातीला दहा केबली क्रिंप केल्या. रंगांचा क्रम मला सोपा वाटला तसा लावला: केशरी जोडी, मग हिरवी जोडी, मग निळी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना अगदी सारखा. टेस्टरवर एक ते आठ सगळे हिरवे लाइट. छोट्या केबली चालल्या. ५० मीटरच्या वरच्या सगळ्या रडायला लागल्या, लिंक यायची आणि जायची, मोठी मोटर सुरू झाली की हमखास जायची. स्विच बदलला, कॅमेरा बदलला, मोटरवाल्याशी भांडलो.

शेवटी एका जुन्या माणसानं केबल हातात घेऊन विचारलं, "तीन नंबर आणि सहा नंबर एकाच पिळात आहेत का?" नव्हते. यंत्र १ आणि २ ही एक जोडी धरतं, आणि ३ आणि ६ ही दुसरी. तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात ते याचसाठी. बाहेरचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि यंत्र दोघींमधला फरक वाचतं, म्हणून तो वजा होतो. माझ्या क्रमात तीनवर हिरव्या जोडीची तार होती आणि सहावर निळ्या जोडीची. पीळ असून नसल्यासारखा. साधा टेस्टर फक्त तार सलग आहे का ते बघतो, कोणाची जोडी कोणाशी आहे हे त्याला कळत नाही.

बरोबर क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मधल्या तीन तारांतच सगळी मेख आहे. मी तो कागदावर लिहून क्रिंपरच्या पेटीत चिकटवला आहे.

---

निवृत्त_मास्तर · ३ जून, रात्री ९:४०

फेज_न्यूट्रल, वर्गात मी हे फळ्यावर वीस वर्षं शिकवलं, पण इतकं पक्कं कोणाच्या डोक्यात बसलं नसेल. एक पुरवणी: १०० मेगाबिटला त्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. म्हणून गिगाबिटची लिंक अचानक १०० वर आली तर आधी निळ्या किंवा तपकिरी जोडीत तुटलेली तार शोधावी.

---

मेळघाटची_लेक · ४ जून, सकाळी ८:२०

मी धारणीकडच्या एका दवाखान्याच्या इमारतीची देखभाल बघते. लशींच्या फ्रिजचं तापमान आम्ही असंच जोडलं आहे. सगळं चांगलं लिहिलंय, पण एक गोष्ट अजून कोणीच बोललं नाही, आणि आम्हाला ती वाईट पद्धतीने कळली.

लाइन गेली की फ्रिज बंद पडतो. त्याच क्षणी स्विच बंद पडतो, राउटर बंद पडतो, आणि निरोप पाठवणारा कॉम्प्युटरही. ज्या वेळेसाठी हे सगळं उभं केलं, नेमक्या त्या वेळी ते मुकं होतं. आमचा पहिला महिना असा गेला की ग्राफ सुंदर यायचे आणि लाइन गेलेल्या वेळेचे तुकडेच गायब.

स्विच, दोन्ही बाजूंचे कन्व्हर्टर, गेटवे, राउटर आणि निरोप पाठवणारं यंत्र हे सगळं यूपीएसवर हवं. एकही राहिलं तर साखळी तिथे तुटते. यांना वीज फार लागत नाही, छोटा यूपीएसही तास-दोन तास काढतो. कंट्रोलरलाही वेगळा पुरवठा देता आला तर द्या, म्हणजे कॉम्प्रेसर बंद असतानाही तापमान कळत राहील.

आणि निरोप "काही बिघडलं तर" एवढाच ठेवू नका. रोज सकाळी सात वाजता "सगळं ठीक आहे" असा एक निरोप येऊ द्या. तो आला नाही की समजायचं, यंत्रणाच बंद आहे.

---

मृगबहार · ४ जून, सकाळी ८:४८

ताई, तुमचा सात वाजताचा निरोप मी आजच वहीत लिहून घेतला. कॅमेऱ्यांनाही यूपीएस लागेल का? त्यांना वेगळी वीज द्यावी लागते ना?

---

मेळघाटची_लेक · ४ जून, सकाळी ९:०५

पीओई (इथरनेटवरून वीज देणारा) स्विच घेतला तर त्याच केबलमधून वीज जाते, साधारण ४८ व्होल्ट. २००३ च्या मूळ मानकात पोर्टमागे १५.४ वॅट, २००९ च्या पुढच्यात ३० वॅट. साध्या कॅमेऱ्याला पहिलं पुरतं. स्विच घेताना सगळ्या पोर्टांची मिळून किती वॅट वीज तो देऊ शकतो ते बघा, पोर्ट सोळा असले तरी सोळांना पुरेल एवढी वीज असेलच असं नाही. कॅमेरे वेगळ्या स्विचवर आणि वेगळ्या यूपीएसवर ठेवा, नाहीतर तेच सगळी बॅटरी खातात.

---

गोडबोले_बुवा · ४ जून, सकाळी १०:१२

ताईचं बोलणं एकदम पटलं. आता मले सांगा, एवढे सगळे एका पेटीत आले, त मंग निरोप कोणाचा हाय हे कॉम्प्युटरले कसं समजते?

---

तारजोडणी · ४ जून, सकाळी १०:४०

बुवा, प्रत्येकाला एक आयपी नंबर द्यायचा. १९२.१६८.१.२१ असा. पहिले तीन आकडे म्हणजे गाव, शेवटचा म्हणजे घर. २५५.२५५.२५५.० हा मास्क लावला की त्या गावात २५४ घरं बसतात. एका गावातले एकमेकांशी थेट बोलतात, दुसऱ्या गावाला जायचं तर राउटरच्या वेशीतून.

मृगबहार, यंत्रांना आयपी हाताने कायमचा द्या. राउटर आपोआप वाटतो तो मोबाइल-लॅपटॉपसाठी ठीक आहे, पण लाइन जाऊन आली की कंट्रोलरचा नंबर बदललेला चालणार नाही. राउटर जे नंबर वाटतो त्यातले वापरू नका. उदाहरणार्थ त्याला १०० ते १९९ द्या, तुमची यंत्रं २० ते ९९ मध्ये ठेवा. आणि नवीन कॅमेरे कारखान्यातून एकच नंबर घेऊन येऊ शकतात, म्हणून नऊ एकदम जोडू नका. एक जोडा, नंबर बदला, मग दुसरा.

---

आंबिया · ४ जून, सकाळी ११:२५

हे आमच्याकडे झालं आहे. दोन खोल्यांच्या कंट्रोलरना चुकून एकच आयपी. स्क्रीनवर दोन नंबरच्या खोलीचं तापमान कधी ७ दिसायचं, कधी १२. आम्ही सेन्सर बदलला! खरं तर कॉम्प्युटर कधी या कंट्रोलरला विचारत होता, कधी त्या. १२ वाली खोली रिकामी होती. तेव्हापासून एका जाड वहीत तक्ता आहे: यंत्राचं नाव, आयपी, मॅक, स्विचचा पोर्ट नंबर, केबलच्या दोन्ही टोकांना लावलेला टॅग. कॉम्प्युटरमध्येही आहे, पण वही पॅनलच्या दारातच टांगलेली असते.

---

पांढरंसोनं · ४ जून, दुपारी १२:१०

वही नक्की. आमच्याकडे एकदा झाडू मारणाऱ्या पोरानं खाली पडलेलं केबलचं टोक जागा दिसली तिथे खुपसलं, चांगल्या मनानं. तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये होतं. क्षणात सगळे लाइट एकदम धडधडायला लागले आणि काहीच चालेना. एकाचा निरोप गोल फिरत राहतो, वाढत जातो, आणि सगळी वाट अडते. टॅग असता तर दोन मिनिटांत सापडलं असतं, आम्हाला तीन तास लागले.

---

निवृत्त_मास्तर · ४ जून, दुपारी १२:३०

यावरचा उपाय रेडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ मध्ये शोधला, स्पॅनिंग ट्री नावाचा. स्विच आपसांत बोलून गोल वाट ओळखतात आणि तिचा एक दुवा स्वतःच बंद ठेवतात. सगळ्यात स्वस्त स्विचमध्ये तो बहुधा नसतो. पॅनल रूमचा मुख्य स्विच तरी मॅनेज्ड, म्हणजे आत शिरून सेटिंग करता येतं असा, घ्यावा.

---

तारजोडणी · ४ जून, दुपारी १२:५५

आणि तो औद्योगिक प्रतीचा घ्या. साधा ऑफिसचा स्विच ४० अंशांपर्यंतचा असतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतं, टिनाखाली बंद पॅनलमध्ये किती होत असेल ते हात लावून बघा. औद्योगिक बिनपंख्याचे ७० च्या पुढे चालतात. जिनिंगवाल्यांना तर पंखा नकोच, रुई ओढून तो दोन महिन्यांत गादी करतो.

---

लालपिवळी_वायर · ४ जून, दुपारी १:२०

अजून दोन गोष्टी. कॉम्प्रेसरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी पेटी) असेल तर मोटरच्या केबलशेजारून डेटाची केबल समांतर नेऊ नका. वेगळा ट्रे, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात. दुसरं, मॉडबसला पासवर्ड नसतो. ५०२ हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवला तर जगातला कोणीही तुमच्या खोलीचं तापमान बदलू शकतो. "घरून बघता येईल" म्हणून कोणी राउटरमध्ये तो उघडून देत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. व्हीपीएन (इंटरनेटमधून फक्त तुमच्यासाठीची कुलूपबंद वाट) करा, किंवा निरोप फक्त बाहेर जाऊ द्या.

---

मृगबहार · २६ जून, रात्री १०:०५

मंडळी, काम पूर्ण झालं म्हणून मुद्दाम लिहायला आलो.

पावसाआधी नाली खोदून घेतली. एचडीपीई पाइपातून सहा कोअरची बिनधातूची फायबर, दोन कोअर वापरात. कंट्रोलर आणि मीटर ४८५ वरून गेटवेत, जनरेटर आणि इन्व्हर्टर थेट स्विचला. कॅमेऱ्यांचा स्विच वेगळा. पहिला डबा केबल परत केली, ब्लेड लावल्यावर आतून पांढरी निघाली. दुकानदार आधी नाही म्हणत होता, तार समोर धरल्यावर बदलून दिली.

अडलो एकाच ठिकाणी. इन्व्हर्टर काही केल्या दिसेना. लाइट लागलेला, केबल बरोबर, क्रमही फेज_न्यूट्रल यांच्या कागदाप्रमाणे. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्याचा नंबर १९२.१६८.०.१० होता आणि आमचं गाव १९२.१६८.१. लॅपटॉपचा नंबर थोड्या वेळासाठी त्याच्या गावातला केला, आत शिरलो, नंबर बदलला, झालं.

परवा रात्री २:४० ला पहिला खरा निरोप आला. खोली एक, ८.२ अंश. कॉम्प्रेसर चालू होता. काका टॉर्च घेऊन गेले तर दाराची पट्टी निघाली होती आणि दार दोन बोटं उघडं. पंधरा मिनिटांत उतरायला लागलं. आत सध्या लिंबाच्या थोड्याच पेट्या आहेत, पण त्या रात्री मी पुन्हा झोपलो नाही, आनंदाने.

---

गोडबोले_बुवा · २६ जून, रात्री १०:२०

वा रे पठ्ठे! आता काकाचं रजिस्टर बंद का?

---

मृगबहार · २६ जून, रात्री १०:२६

नाही बुवा, चालू आहे. फक्त रात्रीच्या फेऱ्या सहाच्या दोन केल्या. काकांनी स्वतःच सांगितलं की सकाळी कॉम्प्युटरचा आकडा आणि खोलीच्या दारावरचा थर्मामीटर दोन्ही शेजारी शेजारी लिहीन. चार नंबरला अर्ध्या अंशाचा फरक येतोय. सेन्सर तपासायला बर्फाच्या पाण्यात बुडवायचा आहे, ते कसं करतात कोणी सांगाल का?

---

मेळघाटची_लेक · २६ जून, रात्री १०:४१

बारीक फोडलेला बर्फ थर्मासमध्ये गच्च भरा, फटींत बसेल एवढंच गार पाणी घाला. सेन्सर मधोमध, बुडाला टेकू द्यायचा नाही, दहा मिनिटं थांबा. शून्य यायला हवं. जेवढा फरक येईल तो कंट्रोलरच्या ऑफसेटमध्ये टाका आणि त्याच वहीत तारखेसह लिहा. थर्मामीटरही त्याच थर्मासमध्ये बुडवून बघा, चूक त्याचीही असू शकते.